नदी वाचवायची आहे? पावसाच्या पाण्याबाबत या चुका टाळा

किनाऱ्यावरच्या छोट्या शहरांत बहुतेक चुका एकाच घाईतून होतात: पाऊस पडला की पाणी लवकरात लवकर बाहेर काढायचं. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे २,५०० लिटर पाणी. ते पन्हळीतून डांबरावर आलं की तेल, कचरा, कुत्र्यांची विष्ठा, बागेतलं खत असं सगळं घेऊन नदीत उतरतं. पावसाळी गटाराचं पाणी सहसा कुठेही शुद्ध होत नाही. तिथे रंगाचे ब्रश धुणं म्हणजे नदीत धुणंच. म्हणून पन्हळीचं तोंड आधी मातीकडे वळवा, पण घराच्या पायापासून निदान तीन मीटर लांब.

सगळ्यात महागात पडते ती शोषखड्ड्याची चूक. कोरड्या दिवसांत खणून पाहतात, तळ कोरडा दिसतो, आणि काम सुरू होतं. पावसात भूजल वर येतं, समुद्राजवळ भरतीबरोबर आणखी चढतं, आणि खड्डा खालूनच भरतो. मग वरचं पाणी मुरणार कुठे? तपासणी ऐन पावसाच्या हंगामात, मोठ्या भरतीला करा. खड्ड्याचा तळ आणि पाण्याची पातळी यांत निदान ६० सेंटिमीटर अंतर हवं. तेवढं मिळत नसेल तर खोल जाऊ नका. उथळ, पसरट खळगा करून त्यात स्थानिक झाडं लावा.

खळग्यात ४८ तासांनंतरही पाणी साचलेलं असेल तर वरचा गाळ खरवडून काढा. तरीही मुरत नसेल, तर बांधकामाच्या यंत्रांनी माती दाबली गेली असण्याची शक्यता मोठी; ती खोलवर भुसभुशीत करावी लागते. आठवडाभर पाणी राहिलं तर डास होणारच.

पाणी झिरपू देणाऱ्या फरशीच्या फटींत माती किंवा बारीक वाळू भरू नका, धुतलेली बारीक खडी भरा.

गटार जिथे नदीत किंवा समुद्रात उघडतं, तिथली भरतीचं पाणी आत येऊ न देणारी झडपही तपासत राहा. फांदी अडकून ती उघडी राहिली तर भरतीचं पाणी रस्त्यावर येतं.

बरेच दिवस पाऊस नाही आणि तरी गटार वाहतंय? पूर्ण ओहोटीला जाऊन बघा, म्हणजे परतणाऱ्या भरतीच्या पाण्याने फसगत होणार नाही. वास येत असेल तर कुणाची तरी मैलावाहिनी चुकून तिथे जोडलेली असू शकते. नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांकडून वरच्या बाजूची एकेक झाकणं उघडून घ्या. प्रवाह जिथे थांबलेला दिसेल, त्याच्या अलीकडच्या टप्प्यात ती जोडणी सापडेल.