खिडकी बदलण्याआधी: सागवानी, लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांची दुरुस्ती

खिडकी अडकायला लागली, काच तडकली किंवा खालचं लाकूड भुसभुशीत झालं की पहिला सल्ला मिळतो तो 'काढून टाका, स्लायडिंग बसवा' हाच. पण दगड-मातीच्या जाड भिंतीतली चौकट भिंत रचतानाच बसवलेली असते आणि तिच्या आडव्या लाकडांची टोकं भिंतीत गेलेली असतात. ती उपटली की आजूबाजूचे दगड सुटतात. १९९३च्या किल्लारी भूकंपात अशाच मातीत रचलेल्या जड दगडी भिंती कोसळून हजारो माणसं गेली. अशा भिंतीला कारणाशिवाय हात लावू नये. शिवाय जुन्या चौकटीतलं पिकलेलं सागवान आज त्या भावात मिळत नाही. पल्ला, म्हणजे उघडझाप होणारी झडप, बिघडला असेल तर पल्ला दुरुस्त करा. चौकट जागेवरच राहू द्या.

आधी नेमकं काय बिघडलंय ते तपासा. पेचकसाचं टोक चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडात आणि पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यांत दाबून बघा. टोक नुसतं टेकलं तर लाकूड शाबूत आहे. पाव इंच आत गेलं तर कुजलंय किंवा वाळवीनं पोखरलंय. मग टेपनं चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. फरक ५ मिलिमीटरच्या आत असेल तर चिंता नाही. फरक जास्त असेल आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर गेली असेल, तर दोष खिडकीत नसून घराच्या पायात आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते आणि पाया थोडा थोडा हलतो. भेगेवर प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पट्टी आडवी लावा, तिच्यावर तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पट्टी पुन्हा तडकली तर आधी पायाचं आणि घराभोवतीच्या पाण्याचं बघा. तोवर पल्ल्याला रंधा मारणं फुकट आहे.

अडकणारा पल्ला

श्रावणात पल्ला अडकला म्हणून लगेच रंधा मारणं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पावसाळ्यात लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं. तेव्हा तासलेला पल्ला एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात आकसतो, मग बोटभर फट पडते आणि घरभर धूळ येते. पावसाळ्यात फक्त खूण करा. चौकटीच्या कडेला खडू घासा, पल्ला लावून उघडा. जिथे खडू उमटेल तिथेच तो घासतोय. रंधा दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की मारा आणि खुणेच्या जागेवरच मारा. कोरड्या दिवसांत सगळीकडे सुमारे २ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. तासलेली कड उघडी ठेवू नका, त्याच दिवशी तिला प्रायमर लावा. उघडी कड पुढच्या पावसात पुन्हा पाणी ओढते आणि पल्ला पुन्हा अडकतो.

रंध्याला हात घालण्याआधी बिजागऱ्या बघा. पल्ला वरच्या बाजूला बिजागरीपासून सुटलेला आणि खालच्या कोपऱ्यात टेकलेला दिसला, तर वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत. नुसते पिळून ते बसत नाहीत, कारण भोकातलं लाकूड झिजलेलं असतं. स्क्रू काढा, बांबूची काडी सोलून भोकात घट्ट बसेल एवढी करा, तिला जलरोधक फेविकॉल लावून ठोका आणि एक रात्र वाळू द्या. वर आलेलं टोक कापा. बारीक ड्रिलनं, साधारण २ मिलिमीटरचं, भोक पाडा आणि मग स्क्रू पिळा. एक इंची स्क्रूच्या जागी दीड इंची वापरता आला तर उत्तम. पितळी किंवा स्टेनलेसचा घ्या, साधा लोखंडी दोन-तीन पावसाळ्यांत गंजतो. याउलट पल्ला लावताना बिजागरीच्या बाजूनंच उसळी मारत असेल तर बिजागरी खाचेत फार खोल बसली आहे. तिच्याखाली जाड पुठ्ठ्याची पट्टी घाला, एवढ्यानं भागतं.

पल्ल्याचा सांधा सुटून तो चौकोनाचा तिरका झाला असेल तर पल्ला उतरवून सपाट जागेवर ठेवा. सांध्यातली धूळ आणि जुना गोंद खरवडून काढा, जलरोधक फेविकॉल भरा आणि दोन उभ्या लाकडांभोवती सुताची दोरी गुंडाळून काठीनं पीळ देत आवळा. कर्ण समान येईपर्यंत कोपरा ठोकून सरळ करा आणि चोवीस तास तसाच राहू द्या. नंतर आतल्या बाजूनं तीन इंची एल पट्टी लावा. गोंद न भरता फक्त एल पट्टी ठोकली तर सांधा आतून हलत राहतो आणि पट्टीचे स्क्रूच लाकूड फाडतात.

कुजलेलं लाकूड आणि वाळवी

कुजणं नेहमी खालून सुरू होतं, कारण पाणी तिथेच साचतं. कुजलेला भाग पटाशीनं टणक लाकूड लागेपर्यंत काढा. अर्धवट काढून वर भर घातली तर आतली बुरशी तशीच राहते. उघडा केलेला भाग आठ-दहा दिवस वाळू द्या. भोक छोटं, अंगठ्याएवढं असेल तर एम-सील चालतं. ओल्या लाकडाला मात्र ते धरत नाही आणि वर्षभरात गोळ्यासारखं निघून येतं. जास्त भाग गेला असेल तर जुन्याच सागवानाचं थिगळ लावा. भंगारात काढलेल्या दाराचा तुकडा यासाठी सर्वांत चांगला, कारण तो आधीच पूर्ण वाळलेला असतो. खाचेच्या कडा तिरप्या कापा, थिगळाच्या रेषा मूळ लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच ठेवा, इपॉक्सीनं चिकटवा आणि वाळल्यावर रंधा मारून सपाट करा. खालच्या आडव्या लाकडाचा वरचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला थोडा उतरता ठेवायला विसरू नका. पाणी थांबलं तर थिगळही कुजेल.

वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर नुसत्या खरवडून उपयोग नाही. लाकूड आणि भिंत जिथे मिळतात, त्या रेषेत खाली उतरत्या साधारण ४५ अंशांच्या कोनात ६ मिलिमीटरची भोकं पाडा, त्यांत औषध सोडा आणि मग भोकं बुजवा. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्केचं द्रावण लिटरभर पाण्याला २.१ मिलिलिटर या प्रमाणात करतात. बाटलीवरचं प्रमाण वेगळं असेल तर तेच धरा. हातमोजे आणि मास्क घाला, औषधाचं मोजमाप स्वयंपाकघरातल्या भांड्यानं करू नका.

काच आणि लांबी

मार्चमधल्या गारपिटीनंतर सगळ्यात जास्त काम निघतं ते काचेचं. फुटलेली काच काढताना आधी तिच्यावर चिकटपट्टी आडवी-उभी लावा, म्हणजे तुकडे अंगावर येत नाहीत. जुनी कडक लांबी, म्हणजे काच धरून ठेवणारी खडू-तेलाची पुट्टी, पटाशीनं लाकडाच्या कडेनं, काचेकडे नव्हे, थोडी थोडी उडवा. फारच टणक असेल तर हेअर ड्रायरनं गरम करून मऊ करा. स्टोव्ह किंवा गॅसच्या ज्योतीनं तापवू नका. शेजारची काच तडकते. शिवाय जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचा रंग घासताना पाणी मारून ओलाच घासा, लहान मुलांना लांब ठेवा, खाली कागद पसरा आणि तो गुंडाळून टाका.

काचेची खाच उघडी झाली की लोक लगेच काच बसवतात. तसं करू नका. कोरडं जुनं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं, लांबी सुकून भेगा पडतात आणि दुसऱ्या वर्षी पापुद्रे सुटतात. आधी खाचेला पातळ केलेल्या प्रायमरचा एक हात द्या आणि एक दिवस थांबा.

माप घेताना रुंदी तीन ठिकाणी आणि उंची तीन ठिकाणी मोजा, सर्वांत कमी माप धरा आणि त्यातून ३ मिलिमीटर वजा करा. अंगास अंग लागलेली काच लाकूड फुगलं की तडकते. जुन्या वाड्यांतल्या चौकोनांचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात, म्हणून पुठ्ठ्याचा साचा कापून काचवाल्याकडे न्या. साध्या तावदानाला ४ मिलिमीटरची काच पुरते.

लांबी घरीच करा, कारण विकतची वॉल पुट्टी या कामाची नाही. ती भिंतीसाठी असते, कडक होते आणि काचेवरून सुटते. एक किलो खडूच्या पावडरीला १८० ते २०० ग्रॅम जवसाचं तेल लागतं. तेल थोडं थोडं घालत मळा. भाकरीच्या पिठासारखी लांबी मऊ झाली, हाताला चिकटायची थांबली की झाली. फार चिकटली तर पावडर घाला, चिरा पडल्या तर तेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मळा. फूट बाय दीड फुटाच्या तावदानाला साधारण पाव किलो लांबी लागते.

खाचेत लांबीचा पातळ थर द्या आणि काच त्यावर टेकवून कडेकडेनं दाबा. मधोमध दाबली तर फुटते. थरातून बाहेर आलेली लांबी आतल्या बाजूनं चाकूनं कापून टाका. आता अर्ध्या इंची चुका (बारीक खिळे) आठ-नऊ इंचांच्या अंतरानं, प्रत्येक बाजूला किमान दोन, काचेला समांतर ठोका. हातोडी काचेवरून सरकवत ठोकली तर घाव काचेवर पडत नाही. मग लांबीची वळी करून कडेनं लावा आणि चाकू कललेला धरून एका दमात ओढत न्या. उतार असा हवा की पाणी काचेवरून सरळ खाली ओघळेल. लांबीची वरची कड आतून दिसणाऱ्या लाकडाच्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवा, म्हणजे घरातून ती दिसत नाही.

दहा-पंधरा दिवसांत वर साय धरते, मग रंग द्या. रंग काचेवर साधारण २ मिलिमीटर चढू द्या. लांबी आणि काच यांच्यातली बारीक रेघ त्या रंगानंच बंद होते, आणि पाणी शिरतं ते तिथूनच.

जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं आणि चिंध्यांचा ढीग कोणी काडी न लावताही पेट घेऊ शकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे जपाच. चिंध्या दोरीवर मोकळ्या वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

लोखंडी खिडकी

लोखंडी खिडकीची काच कधी कधी कोणी हात न लावताही तडकते. कारण गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो. खाचेत गंज साचतो, काचेला ढकलतो आणि कोपऱ्यातून तडा जातो. नुसती काच बदलली तर नवीही तशीच जाईल. आधी काच काढा आणि गंज धातू चमकेपर्यंत घासा. खरवडणी, तारेचा ब्रश आणि शेवटी ८० नंबरचा एमरी पेपर. थिनरनं पुसा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर लावा. ढगाळ हवेत घासून सोडलेलं लोखंड रात्रीत पुन्हा तांबडं होतं. प्रायमरचे दोन हात द्या, मग इनॅमलचे दोन. गंजावरूनच रंग देणं म्हणजे गंज झाकणं. तो खाली वाढतच राहतो आणि वर फोड येतात.

मेमध्ये उन्हात तापलेल्या लोखंडावर रंग देऊ नका, फोड तिथेही येतात. पूर्वेची खिडकी दुपारनंतर, पश्चिमेची सकाळी रंगवा. पत्र्याला भोक पडलं असेल तर वेल्डरकडून पट्टी लावून घ्या, पण जवळच्या सगळ्या काचा आधी काढा, ठिणग्यांनी काचेवर कायमचे खड्डे पडतात. लोखंड तेल शोषत नाही म्हणून लांबीत लवकर वाळणारं डबल बॉइल्ड जवसाचं तेल वापरा आणि रंगासाठी तीन आठवडे थांबा.

अ‍ॅल्युमिनियमचं स्लायडिंग

स्लायडिंग जड चालतंय म्हणून अख्खी खिडकी बदलायला निघालेल्यांनी आधी रूळ स्वच्छ करावा. धूळ आणि तेल यांचा गाळ तिथे घट्ट बसतो, म्हणून रुळात तेल अजिबात घालू नका. तरीही जड असेल तर शटर वर उचलून खालची बाजू आत ओढा, ते निघून येतं. खाली दोन चाकं असतात. झिजलेलं चाक सोबत नेऊनच नवं आणा, आकार बरेच असतात. खालच्या रुळात बाहेरच्या बाजूला पाणी जायची छिद्रं असतात. ती मातीनं बुजली की पहिल्याच झडीत पाणी घरात येतं. तारेनं ती मोकळी करा. कडेची केसाळ पट्टी दबली असेल तर ओढून काढा आणि तेवढ्याच जाडीची नवी सरकवा, धूळ निम्म्यानं थांबते.

चौकट आणि भिंतीमधली फट

पाणी पुष्कळदा खिडकीतून नव्हे, चौकटीच्या कडेनं येतं. फट मोकळी करा, कोरडी करा. मातीच्या भिंतीत चुना आणि वाळूचा गिलावा भरा. सिमेंट तिथे कडक पडतं आणि माती सोडून देतं. सिमेंटच्या भिंतीत अर्ध्या इंचापर्यंतच्या फटीला सिलिकॉन चालतं, पण न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिमेंटला नीट धरत नाही आणि धातूला गंजवतं. चोवीस तासांनी बाहेरून पाइपनं पाणी खालून वर सरकवत मारा आणि घरातून कोणाला तरी बघायला उभं करा. ज्या उंचीवर पाणी आत दिसेल, तिथलीच फट राहिली आहे. हे सगळं मृग लागण्याआधी उरकलेलं बरं.