नाशिकचे रॅप रेडिओवर पोहोचवताना: पहिल्या सिंगलची तयारी

नाशिकमध्ये रॅप लिहिणाऱ्या मुलामुलींची आता वाण नाही. सिडकोत, सातपूरला, जेल रोडला कोणाच्या तरी खोलीत माईक बसतो, गाणे तयार होते, यूट्यूबवर चढते, मित्रमंडळींत फिरते आणि मग प्रश्न येतो, की हे रेडिओवर कसे लावायचे? बहुतेक जण हा प्रश्न गाणे पूर्ण झाल्यावर विचारतात आणि घोटाळा तिथेच होतो. रेडिओवर वाजायचे गाणे शब्द कागदावर असतानाच रेडिओसाठी घडवावे लागते. नंतर केलेली काटछाट कानाला कळते आणि स्टेशनमधल्या माणसाला तर हमखास कळते.

रॅपचा धंदा जिथे उभा राहिला त्या अमेरिकेतही ही गोष्ट लोकांना सावकाशच उमगली. १९७९ साली शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ आले, तेव्हा त्याची १२ इंची तबकडी १४ मिनिटांहून लांब होती. त्याच्या लहान आवृत्त्याही काढण्यात आल्या आणि ते गाणे बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या ‘हॉट १००’ यादीत ३६व्या क्रमांकापर्यंत गेले. तरीही स्टेशनांची दारे लगेच उघडली नाहीत. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएलएस स्टेशनवरील फ्रँकी क्रॉकर यांनी सत्तरच्या दशकात कृष्णवर्णीयांचे संगीत वाजवणाऱ्या स्टेशनांसाठी ‘अर्बन कंटेम्पररी’ (शहरी समकालीन) हे नाव रूढ केले होते. ‘कृष्णवर्णीयांचे स्टेशन’ म्हटले की हात आखडता घेणाऱ्या जाहिरातदारांपुढे ‘अर्बन’ हा शब्द सोयीचा ठरत असे. गंमत अशी, की याच अर्बन स्टेशनांपैकी अनेकांनी पुढे कित्येक वर्षे रॅपला दिवसाच्या वेळात उंबऱ्याबाहेर ठेवले, कारण जाहिरातदाराला वयाने थोडा मोठा, कमावता श्रोता हवा होता. रॅप आत शिरले ते रात्रीच्या कार्यक्रमांतून. १९८३ मध्ये डब्ल्यूबीएलएसवर मिस्टर मॅजिक यांचा रॅपचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच दशकात लॉस एंजेलिसच्या केडे या एएम स्टेशनने, ग्रेग मॅक यांच्या हाताखाली, दिवसाही रॅप वाजवण्याचे धाडस केले.

नाशिकला हा इतिहास सांगण्याचे कारण सरळ आहे. येथील खासगी एफएम स्टेशने, म्हणजे मिर्ची किंवा रेड एफएमसारखी, देशभरच्या साखळ्यांचा भाग आहेत आणि त्यांचा दिवस मुख्यतः चित्रपटगीतांवर चालतो. कोणते गाणे दिवसातून किती वेळा फिरवायचे, हा निर्णय सहसा म्युझिक मॅनेजर आणि साखळीचे मुख्य कार्यालय घेते. समोर बसलेल्या आरजेला, म्हणजे निवेदकाला, तुमचे गाणे कितीही आवडले, तरी ते नेहमीच्या यादीत घालणे त्याच्या हातात नसते. त्याच्या हातात असते ती त्याची ‘लिंक’, म्हणजे दोन गाण्यांमधले बोलणे, आणि एखादा स्थानिक विभाग. म्हणून आरजेला ‘माझे गाणे लावा’ असे न सांगता ‘तुमच्या लिंकमध्ये यातले वीस सेकंद वापरता येतील’ असे सांगावे. हा दरवाजा लहान आहे, पण उघडा आहे.

आता गाण्याच्या बांधणीकडे येऊ. बीट, म्हणजे शब्दांखालचे संगीत, मिनिटाला ९० ठोक्यांची आहे असे धरू. चार ठोक्यांचा एक बार म्हणजे पावणेतीन सेकंदांहून किंचित कमी. चार बारांची सुरुवात, आठ बारांचा हुक (गाण्यात परत परत येणारी ओळ), सोळा बारांचे कडवे, पुन्हा हुक, पुन्हा सोळा बार, पुन्हा हुक आणि चार बारांचा शेवट, अशी मांडणी केली तर एकूण ६४ बार होतात आणि गाणे २ मिनिटे ५१ सेकंदांत संपते. यातली सुरुवातीची पावणेअकरा सेकंदे फार मोलाची आहेत. त्यांत कोणाचाही आवाज नसावा, कारण आरजे तेवढ्यात तुमचे नाव आणि गाण्याचे नाव बोलून घेतो आणि त्याचे शेवटचे अक्षर संपता संपता हुक सुरू झाला, तर लिंक जमून येते. अनेकजण या जागेवर स्वतःच्या गटाचे नाव चार वेळा ओरडतात. आरजेला मग बोलायला जागा उरत नाही आणि तो दुसरे गाणे उचलतो. एरवी यूट्यूबवर दीड मिनिटाने येणारा हुक रेडिओच्या आवृत्तीत अकराव्या सेकंदाला आणावा. गाडीत बसलेला माणूस दीड मिनिट थांबत नाही, तो बटण दाबतो.

हुक म्हणजे तरी काय, तर आपले धृपद. शाहिराने ओळ टाकायची आणि झीलकऱ्यांनी ती उचलून धरायची, ही रीत सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या लोकशाहीर वामनदादा कर्डकांच्या जिल्ह्यात कोणाला शिकवावी लागू नये. हुकची ओळ पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दुसऱ्या खेपेला म्हणता आली पाहिजे. कडव्यात हवी तेवढी कसरत करावी. हुकमध्ये मात्र शब्द थोडे, स्वर लांब आणि श्वासाला जागा असावी.

शब्दांची सफाई हा नाजूक विषय आहे. खासगी एफएमलाही आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता पाळावी लागते. अश्लीलता, बदनामी, एखाद्या धर्मावर किंवा समाजावर हल्ला, हिंसेला चिथावणी, राजकीय पक्षावर नाव घेऊन टीका हे सारे तीत वर्ज्य आहे. दुकानांची आणि कंपन्यांची नावेही रेडिओच्या आवृत्तीतून काढलेली बरी, कारण फुकटची जाहिरात कोणत्याच स्टेशनला परवडत नाही. शिवीच्या जागी नुसती शांतता टाकली, तर ९०च्या गतीला एका ठोक्याचा, म्हणजे पाऊण सेकंदाच्या आतला खड्डा पडतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात ती शिवी उलट अधिक ठळक होते. त्यापेक्षा तेवढीच मात्रा भरणारी पर्यायी ओळ लिहावी आणि ती मूळ ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच, त्याच माईकसमोर, त्याच अंतरावर उभे राहून बोलावी. माझ्या पहिल्या गाण्याच्या वेळी मी हे पुढच्या आठवड्यावर टाकले. आठवड्याने सर्दी झाली, स्टुडिओवाल्याने माईक बदललेला होता आणि दुरुस्त केलेले तीन शब्द शेजारच्या खोलीतून कोणी बोलल्यासारखे ऐकू येऊ लागले. अखेर ते संपूर्ण कडवे पुन्हा करावे लागले.

मिक्स, म्हणजे आवाज आणि बीट जुळवून तयार झालेले गाणे, तपासताना हेडफोनवर विश्वास ठेवू नये. एफएमवर साधारण १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही, आणि प्रसारणापूर्वी वरच्या सुरांना मुद्दाम उठाव दिला जात असल्यामुळे स, श, च, छ ही अक्षरे आधीच टोचत असतील, तर रेडिओवर ती फुसफुसतात. मराठीत ही अक्षरे पावलोपावली आहेत, तेव्हा डी-एसर (ही टोचणारी अक्षरे मऊ करणारे साधन) जरा सढळ हाताने लावावा. दुसरे असे, की ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा स्पीकर एकच असतो. दोन्ही कानांत पसरवलेले डबल (तीच ओळ पुन्हा म्हटलेली) आणि ॲडलिब (मधले सुटे उद्गार) मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र झाल्यावर, एकमेकांना खाऊन टाकतात आणि कधी कधी मुख्य आवाजच पातळ होतो. मिक्स मोनो करून ऐकावा. मग तो साध्या मोबाईलच्या स्पीकरवर, आणि शक्य झाल्यास द्वारका ते नाशिकरोड धावणाऱ्या शेअर रिक्षात, चालकाच्या परवानगीने वाजवून पाहावा. द्वारका चौकातल्या हॉर्नमधून हुकचे शब्द कळले, तर मिक्स झाला. ज्या ८०८ बेसवर, म्हणजे खोल घुमणाऱ्या खालच्या सुरांवर, आपण दोन रात्री घालवलेल्या असतात, तो रिक्षाच्या स्पीकरमध्ये मुळीच ऐकू येत नाही. त्यावर थोडे डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम किंचित फाडणे) देऊन मधल्या पट्ट्यात त्याची खूण उमटवावी लागते.

हक्कांचे कागद जमवण्याचा सर्वांना कंटाळा असतो आणि गाणी नेमकी तिथेच अडकतात. यूट्यूबवर ‘फ्री’ लिहिलेली बीट बहुधा पैसे न कमावण्याच्या अटीवरच फुकट असते. भाड्याने घेतलेल्या बीटच्या करारात किती स्ट्रीम (ऑनलाइन ऐकले जाणे) आणि किती रेडिओ स्टेशने चालतील याची मर्यादा लिहिलेली असू शकते. तो करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. नाशिक ढोलाचा ठेका हवा असेल, तर जुन्या कॅसेटवरून उचलू नये. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. पंचवटीतल्या एखाद्या पथकाला मानधन द्यावे, मोकळ्या जागेत दोन माईक लावून आपलाच ठेका मुद्रित करावा आणि पथकप्रमुखाची सही घेतलेला साधा कागद जपून ठेवावा. ताशाची काडी माईकच्या फार जवळ आली की आवाज फाटतो, म्हणून माईक दहा-बारा फुटांवर ठेवावा.

गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचे सभासदत्व घ्यावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून काढून घेण्यास मनाई केली आहे, आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एफएम स्टेशनांना शब्द आणि चालीसाठीही रॉयल्टी द्यावी लागेल, अशी भूमिका घेतली. ध्वनिमुद्रणाला त्याची ओळख सांगणारा १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक लागतो. गाणे ज्या वितरकामार्फत ऑनलाइन ॲपवर चढवाल, तो वितरक हा क्रमांक सहसा देतोच. फक्त रेडिओच्या स्वच्छ आवृत्तीला मूळ आवृत्तीपेक्षा वेगळा क्रमांक घ्यावा.

स्टेशनला पाठवण्याच्या पाकिटाची रीत अमेरिकेतल्या १२ इंची तबकडीने घालून दिली आहे. तिच्यावर मूळ गाणे, रेडिओची आवृत्ती, नुसती बीट आणि अनेकदा नुसता आवाजही असे, म्हणजे डीजेला जे हवे ते हाताशी मिळे. तुमच्या फोल्डरमध्येही याच चार फायली डब्ल्यूएव्ही (पूर्ण दर्जाच्या) स्वरूपात असाव्यात, शिवाय एक एमपी३. फाईलच्या नावात कलाकार, गाणे, ‘रेडिओ’ हा शब्द आणि लांबी असावी, आणि फाईलच्या आतल्या माहितीत फोन नंबर. ‘फायनल-२-नवीन’ या नावाने मी धाडलेली फाईल एका स्टेशनवर दोन महिने पडून होती आणि ती कोणाची हे कोणालाही सांगता आले नाही. त्यात दोष संपूर्ण माझा होता. सोबत पाच ओळींचे टिपण द्यावे: तुम्ही नाशिकच्या कोणत्या भागातले, गाणे कशाबद्दल, पहिला शब्द कितव्या सेकंदाला, हुक कितव्याला, आणि रेडिओच्या आवृत्तीत शिव्या, पक्ष, कंपन्या नाहीत याची ग्वाही.

पहिले पाकीट मोठ्या स्टेशनला देऊ नये असे माझे मत आहे. नाशिकच्या रेडिओ विश्वाससारख्या सामुदायिक केंद्राकडे आधी जावे. सामुदायिक रेडिओच्या धोरणात किमान निम्मा आशय स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावा अशी अपेक्षा आहे, त्यामुळे तिथे तुम्ही याचक म्हणून जात नाही, त्यांनाही तुमची गरज असते. त्यांच्या प्रक्षेपकाची ताकद बेताची आणि पोहोच थोड्या किलोमीटरांची, पण तिथल्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण पुढच्या दारावर कामाला येते. त्यानंतर आकाशवाणी नाशिक केंद्रावर तरुणांसाठीच्या कार्यक्रमांची चौकशी करावी. आकाशवाणीच्या स्वरपरीक्षेत रॅपचा वेगळा वर्ग शोधत बसू नये. कविता, बोलीतले शब्द, शहराचे वर्णन या अंगाने बोलल्यास संवाद लवकर जुळतो. खासगी स्टेशन तिसरे.

वेळही पाहावी. गणपती आणि नवरात्रात स्टेशनांच्या याद्या सणांच्या गाण्यांनी भरलेल्या असतात, म्हणून ढोलाचे गाणे त्याआधी तीन आठवडे त्यांच्या हाती पडलेले असावे. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपच्या संपादकांकडे गाणे सुचवायचे झाल्यास प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी तशी नोंद करावी. वितरकाला लागणारा वेळ धरून महिनाभर आधी फायली तयार असाव्यात हे बरे. तिथे वर्षभरात १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला २०२४ पासून पैसे मिळत नाहीत, तेव्हा पहिल्या सिंगलवर उत्पन्नाचा हिशेब मांडू नये.

पैसे घेऊन ‘इतके स्पिन (रेडिओवर वाजण्याच्या खेपा) मिळवून देतो’ म्हणणारा मध्यस्थ भेटला, तर उठून यावे. गाणे वाजवण्यासाठी गुपचूप पैसे घेण्याला अमेरिकेत १९६० मध्येच कायद्याने आळा घातला गेला. तरीही २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या चौकशीनंतर सोनी बीएमजीला १ कोटी डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे असा मध्यस्थ पावती देत नाही आणि वाजल्याचा पुरावाही देत नाही.

पुरावा मात्र हवाच. अमेरिकेत १९९१ च्या नोव्हेंबरपासून बिलबोर्डची मुख्य यादी दुकानदारांच्या सांगण्यावर न बसता प्रत्यक्ष विक्रीच्या आणि यंत्राने टिपलेल्या प्रसारणाच्या आकड्यांवर बसू लागली. त्याआधी रॅप किती खपते आणि किती वाजते हे नीट कळतच नव्हते. आपल्याकडे २००७ पासून झालेली श्रोतेमोजणी चार महानगरांपुरती होती. नाशिक त्यात कधी नव्हते, म्हणून येथील स्टेशन आलेले फोन आणि व्हॉट्सॲप संदेश यांवरूनच अंदाज बांधते. गाणे लागणार असल्याची वेळ कळली, तर वीस मित्रांना एकच मजकूर पाठवायला लावू नये. तो डाव लगेच ओळखू येतो. प्रत्येकाने आपला भाग आणि गाण्यातली आवडलेली ओळ लिहावी. स्वतः एका वहीत तारीख, वेळ, स्टेशन, कार्यक्रम, आरजेचे नाव आणि गाण्याचा किती भाग वाजला हे लिहून ठेवावे आणि फोनवर त्याचे ध्वनिमुद्रण करावे. रॉयल्टीबाबत आयपीआरएसकडे विचारणा करताना आणि दुसऱ्या गाण्याचे पाकीट घेऊन त्याच आरजेकडे जाताना हीच वही सोबत न्यावी.