इमिग्रेशनच्या काउंटरवर बसायचं असेल तर

भाचा विचारतो, ‘मामा, इमिग्रेशन ऑफिसरची परीक्षा कधी असते?’ अरे, त्या नावाची परीक्षाच नसते. पासपोर्टवर शिक्का मारणारं ब्युरो ऑफ इमिग्रेशन हे इंटेलिजन्स ब्युरोच्या, म्हणजे आयबीच्या, हाताखालचं. जाहिरात बघायची ती आयबीची, गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर.

पदवी असेल तर असिस्टंट सेंट्रल इंटेलिजन्स ऑफिसर, ग्रेड दोन. 2025 साली 3,717 जागा निघाल्या होत्या, मूळ वेतन 44,900 पासून. नुसती दहावी असेल तर सिक्युरिटी असिस्टंट. त्याच वर्षी 4,987 जागा, वेतन 21,700 पासून. दोन्हीकडे वय 18 ते 27, राखीव गटांना सवलत. पहिला पेपर शंभर प्रश्नांचा, वेळ एक तास, उत्तर चुकलं की पाव गुण कापतात. निवड झाली म्हणजे विमानतळच मिळेल असं मात्र नाही, हे घरी आधीच सांगून ठेव. मी स्वतः पोलिसातून इमिग्रेशनला डेप्युटेशनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता, आलो होतो, तोही एक रस्ता आहे.

क्लासच्या जुन्या नोट्सची झेरॉक्स मारत बसू नकोस. 1946 चा परदेशी नागरिक कायदा आणि त्याच्या जोडीचे आणखी तीन कायदे गेले. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा एकच कायदा लागू आहे.

सिक्युरिटी असिस्टंटला दुसरा पेपर भाषांतराचा असतो: मराठीतून इंग्रजी आणि उलट. पोरं त्याला हसण्यावारी नेतात. मीही नेलं असतं. मुंबईच्या सहार विमानतळावर नवा असताना आखाताला निघालेला बीडकडचा एक मजूर माझ्यासमोर आला. मी हिंदीत विचारलं, ‘स्पॉन्सर कौन है?’ तो गप्प. पुन्हा विचारलं, आवाज चढवून. त्याला घाम फुटला आणि मला संशय आला. शेजारच्या काउंटरवरचे सीनियर नुसते वाकले आणि म्हणाले, ‘दादा, कामाला कुणी बोलावलंय?’ गडी घडाघडा बोलला. मालक, गाव, पगार, सगळं. कागदही चोख निघाले.

म्हणून रोज पेपरातली गावाकडची एक बातमी इंग्रजीत लिहून काढ. दुसऱ्या दिवशी मूळ बातमी न बघता ती परत मराठीत आण, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघ. ‘बांधावरून भांडण’ इंग्रजीत कसं लिहायचं, इथूनच सुरुवात कर.