बर्फात खेळायला जाताय तर ग्लोव्हज कसे निवडायचे, कोल्हापूरकरांसाठी सविस्तर

गुलमर्ग नाहीतर औलीचं ठरलं की आपल्याकडची माणसं आधी जॅकेटच्या मागं लागतात, मग थर्मल, मग गॉगल, आणि ग्लोव्हज म्हणजे शेवटच्या दिवशी थंडीत येणाऱ्या स्वेटरच्या स्टॉलवरनं उचललेली लोकरीची जोडी. मी पहिल्या वेळेला तेच केलेलं. पहिल्या दिवशी सकाळी दहाला स्की घातली, पहिल्या तासात सात-आठ वेळा पडलो, प्रत्येक वेळी हात टेकूनच उठावं लागतं, आणि अकराला लोकर इतकी भिजली की पिळली तर पाणी निघत होतं. बोटांची टोकं पांढरी पडली, बुटाचं बक्कल लावता येईना, शेवटी शिकवणाऱ्या भाऊनीच मला आत नेऊन बसवलं आणि तो दिवस तिथंच संपला. एवढे पैसे घालून, निजामुद्दीनच्या गाडीनं दिल्ली, तिथनं पुढं श्रीनगर, एवढा प्रवास करून बर्फ खिडकीतनं बघायचा याचं लई वाईट वाटतं. म्हणून हे लिहितोय, नीट वाचा आणि निघायच्या महिनाभर आधी कामाला लागा.

पहिली गोष्ट, आपल्याकडची थंडी डोक्यातनं काढा. इथं पारा १४-१५ वर आला की आपण रंकाळ्यावर कानटोपी घालून फिरतो. गुलमर्ग गाव साधारण २६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवाट डोंगरावर जवळजवळ ४००० मीटरपर्यंत नेतो, दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशानं उतरतं, म्हणजे खाली उणे २ असलं तर वर उणे १० असू शकतं. त्यात वारा. उणे १० ला ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं, आणि स्कीवरनं घसरताना तुमच्या वेगाचा वारा वेगळाच. थंडी वाजली की शरीर छाती-पोटाची ऊब राखायला हातापायाकडचं रक्त कमी करतं, म्हणून सगळ्यात आधी बोटं जातात.

आता मुख्य प्रश्न, पाच बोटांचे ग्लोव्हज घ्यायचे का मिटन्स, म्हणजे ज्यात अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटं एकाच पिशवीत असतात ते. ऊब म्हणाल तर मिटन्सच. चार बोटं एकमेकांना चिकटून असली की एकमेकांची ऊब धरतात आणि बाहेरच्या थंडीला लागणारी बाजूही कमी होते. पण मिटन्स घालून चेन ओढणं, बक्कल लावणं, मोबाईल काढणं अवघड जातं. स्कीइंग करणार असाल तर दोन्ही हातात पोल, म्हणजे तोल धरायच्या काठ्या असतात, ते धरायला बोटं सुटी असलेली बरी वाटतात, त्यामुळं बरीच माणसं ग्लोव्हज घेतात. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर, त्याला पोल नसतात, पण नवशिका असला की तो सारखा बर्फात बसून पायाचे पट्टे आवळतो, हातावर पडतो, हातानं रेटून उठतो, म्हणून त्याचे हात जास्त भिजतात, त्याला मिटन्स बऱ्या. माझा मावसभाऊ स्नोबोर्ड शिकला, तो मिटन्सच्या आत पातळ ग्लोव्हज घालायचा, पट्टा आवळताना बाहेरचं काढलं तरी हात उघडा पडत नाही, ही मला अजून सगळ्यात चांगली पद्धत वाटते. मधला प्रकार पण मिळतो, अंगठा आणि पहिलं बोट वेगळं, बाकी तीन एकत्र, खेकड्याच्या नांगीसारखा दिसतो. ज्याची बोटं मुळातच गार असतात, आपल्या आया-बहिणींची बऱ्याचदा असतात, त्यांनी विचार न करता मिटन्स घ्याव्यात.

स्नोबोर्डवाल्यांसाठी आणखी एक, पडताना मनगटावर भार येतो आणि या खेळात मनगटाची दुखापत सगळ्यात जास्त होते. रिस्ट गार्ड, म्हणजे मनगटाला आधार देणारी पट्टी, घालणार असाल तर तो घालूनच मिटन्सचं माप बघा, नंतर वर चढत नाही.

आता चामडं. या विषयात आपण कोल्हापूरची माणसं जरा पुढं आहोत असं मी मनापासून मानतो, कारण लहानपणापासनं चप्पल घेताना चामडं हातात धरून बघायची सवय असते. दुसऱ्या वेळेला जायच्या आधी मी दोन जोड्या मागवलेल्या, एक कापडी आणि तळव्याला काळं रेक्झिनसारखं असलेली, एक चामड्याची, आणि दोन्ही घेऊन पापाच्या तिकटीला आमच्या ओळखीच्या काकांकडं गेलो, जे आयुष्यभर कोल्हापुरी शिवत आलेत. त्यांनी बर्फ कधी बघितला नाही पण पाच मिनिटात निकाल लावला. पहिल्या जोडीचा तळवा दुमडून दाबला, तर घडीवर बारीक भेगा दिसल्या, म्हणाले हे चामडं न्हवं, कापडावर लेप हाय, थंडीत कडक होऊन सोलणार. खरंच आहे, पीयूचा, म्हणजे नकली चामड्याचा, तळवा असाच जातो. दुसरी जोडी बकऱ्याच्या चामड्याची. त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो मोत्यासारखा थांबला, मिनिटभर थांबून पुसला तर खाली डाग नाही. मग अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात शिलाई उलगडून बघितली, म्हणाले माल हितं फाटतोय बघ, हितं दुहेरी पायजे.

ते बेचकं खरंच महत्त्वाचं, पोलचा पट्टा तिथंच घासतो. तळव्याला दुसरा थर शिवलेला आहे का बघा, कारण शिकणाऱ्यांच्या उतारावर ड्रॅग लिफ्ट असते, म्हणजे स्कीवर उभ्या माणसाला ओढत वर नेणारी, तिचा दांडा धरून धरून तळवा झिजतो. आणि स्कीच्या नाहीतर बोर्डच्या कडा लोखंडी आणि धारदार असतात, उचलताना पातळ कापड सरळ कापलं जातं. चामडं तिथं टिकतं. बकऱ्याचं चामडं मऊ आणि चिवट, हातमोज्यासाठी मला तेच सगळ्यात योग्य वाटतं. गाईचं जाड आणि टिकाऊ पण बोटं वाकवायला थोडं कडक, वापरून वापरून सैल होतं. मेंढीचं हाताला लोण्यासारखं लागतं, पण घासलं की लवकर फाटतं, ते गाडीवर घालायला ठीक. आपल्या चपलेचं चामडं म्हणजे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, ताठ, त्याची गोष्ट वेगळी.

एकानं मला विचारलं की उद्यमनगरातले वेल्डिंगचे चामडी ग्लोव्हज दोन-तीनशेत मिळतात, ते का नको? प्रश्न चांगला आहे. अमेरिकेत स्की लिफ्टवर काम करणारी बरीच माणसं कामगारांचे डुकराच्या चामड्याचे ग्लोव्हजच वापरतात, किन्को कंपनीचे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. पण त्यात आत अस्तर असतं आणि वरनं मेण चोळलेलं असतं. आपल्या वेल्डिंगच्या ग्लोव्हजचं चामडं बहुतेक वेळा स्प्लिट असतं, म्हणजे वरचा गुळगुळीत थर काढल्यावर खालचा खरबरीत राहतो तो, आणि तो स्पंजासारखा पाणी पितो. आत ऊब धरणारं काही नाही. त्यामुळं ते नको.

आतला भाग. चांगल्या ग्लोव्हजमध्ये तीन गोष्टी असतात, बाहेरचं आवरण, मध्ये पाणी अडवणारी पातळ पिशवी, आणि ऊब धरणारं अस्तर. मधल्या पिशवीत गोरटेक्सचं नाव सगळ्यांना माहिती आहे, बाकी कंपन्यांचीही असतात. तिचं काम दोन बाजूंनी, बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि घामाची वाफ बाहेर जाऊ द्यायची. हे दुसरं लोक विसरतात. नुसतं रबरी घातलं तर हात घामानंच भिजतो, आणि भिजलेला हात गार पडणारच. अस्तरात प्रायमालॉफ्ट, थिन्सुलेट असले सिंथेटिक प्रकार आपल्यासारख्या वर्षातनं एकदा जाणाऱ्यांना सोयीचे, कारण थोडे ओले झाले तरी ऊब देतात. पिसांचं अस्तर कोरडं असताना फार गरम पण भिजलं की चपटं होऊन निकामी. लेबलवर १००, १५०, २०० ग्रॅम असं लिहिलेलं असतं ते ग्लोव्हजचं वजन नव्हे, अस्तराच्या एका चौरस मीटरचं वजन आहे, जास्त आकडा म्हणजे जास्त जाड. हाताच्या पाठीवर जाड आणि तळव्याला थोडं पातळ असावं, नाहीतर पोल धरता येत नाही.

एक चाचणी मी सगळ्यांना करायला लावतो. ग्लोव्हज घाला, दुसऱ्या हातानं बोटांची टोकं चिमटीत धरा आणि आतला हात बाहेर ओढा. अस्तर हाताबरोबर बाहेर आलं तर ती जोडी परत करा. घामट हात काढताना स्वस्त ग्लोव्हजचं अस्तर असंच उलटं येतं आणि मग डोंगरावर ते बोटाबोटात परत घालता घालता जीव जातो. अस्तर टोकाला आतनं पक्कं धरलेलं पाहिजे, किंवा मग पूर्ण बाहेर काढता येणारं वेगळं अस्तर असलेली जोडी घ्या, ती सुकवायला पण सोपी.

माप. इथं सगळ्यात जास्त माणसं चुकतात. शिवणकामाची टेप घेऊन अंगठा सोडून तळव्याचा घेर मोजा, बोटं जिथनं सुरू होतात त्या गाठींवरनं, उजव्या हाताचा, डावखुरे असाल तर डाव्या. मधल्या बोटाच्या टोकापासनं मनगटाच्या घडीपर्यंतची लांबी पण लिहून ठेवा. मग कंपनीचा तक्ता बघा, प्रत्येकीचा वेगळा असतो. घातल्यावर बोटाच्या पुढं अर्धा सेंटिमीटर जागा पाहिजे. मूठ वळली की ताण आला तर मोठं घ्या, घट्ट ग्लोव्हजमध्ये रक्त नीट फिरत नाही आणि मग कितीबी महागाचं असू दे, बोटं गारच. पण उगाच दोन माप मोठं पण नको, आतली मोकळी हवा तापवण्यातच हाताची ऊब जाते. आत लायनर, म्हणजे पातळ आतले ग्लोव्हज, घालणार असाल तर तो घालून माप बघा. लायनर मेरिनो लोकरीचा, रेशमाचा नाहीतर पॉलिस्टरचा चालतो, सुती नको, सुती कापड घाम धरून ठेवतं.

मनगटाकडची बाजू दोन प्रकारची. लांब असेल तर ती जॅकेटच्या बाहीवरनं येते आणि दोरीनं आवळता येते, आखूड असेल तर बाहीच्या आत जाते. नवशिक्यानं लांब घ्यावी, पडल्यावर बर्फ आत शिरत नाही. मनगटाला अडकवायचा पट्टा असलाच पाहिजे. गोंडोलामध्ये फोटो काढायला एक ग्लोव्ह काढला आणि खाली पडला तर दिवस संपला.

कुठं घ्यायचे. पुण्याला जाणं होत असेल तर डेकॅथलॉनमध्ये हात घालून बघून घ्या, त्यांच्या वेडझे ब्रँडचे तीन-चार दिवसांच्या ट्रिपला पुरेसे आहेत. स्वीडनच्या हेस्ट्रा कंपनीचे, जी १९३६ मध्ये लाकूडतोड्यांसाठी ग्लोव्हज करत सुरू झाली, फार उत्तम आहेत पण एक जोडी १५ हजारांच्या आसपास जाते, दरवर्षी जाणारा असेल त्यानंच घ्यावेत. गुलमर्ग-औलीला ग्लोव्हज भाड्यानं मिळतात, पण ते कालच्या माणसाच्या घामानं आणि बर्फानं ओले असण्याची शक्यता जास्त, जॅकेट भाड्यानं घ्या, ग्लोव्हज स्वतःचेच न्या.

आणल्यावर घरी एकदा परीक्षा घ्या. बर्फाच्या कारखान्यातनं लादीचा एक तुकडा आणा, ग्लोव्हज घालून दहा मिनिटं तो हातात धरून बसा, मध्ये मध्ये मूठ दाबा. पाणी कुठनं शिरतंय ते लगेच कळतं, बहुतेक बोटांच्या शिलाईतनंच शिरतं. चामड्याच्या जोडीला मेणाचं वॅक्स लावा, हेअर ड्रायरनं जरा कोमट करून बोटांनी शिलाईत जिरवा, रंग थोडा काळपट होतो, होऊ दे. चपलेला लावतो तसं तेल ओतू नका, चामडं ढिलं पडतं आणि तेल अस्तरात उतरतं.

तिथं गेल्यावर संध्याकाळी ग्लोव्हज बुखारीवर, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीवर, ठेवायचा मोह होतो, अजिबात ठेवू नका, चामडं आक्रसून तडकतं आणि आतली पिशवी सुटते. चार-पाच फूट लांब, तोंड उघडं ठेवून टांगा, आत जुना पेपर चुरगाळून घाला, तासाभरानं बदला. लायनरच्या दोन जोड्या न्या, एक खिशात कोरडी राहू दे. लोखंडाच्या भुकटीचे हँड वॉर्मर मिळतात, ते हवेतल्या ऑक्सिजननं तापतात, म्हणून ग्लोव्हज घालायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी फोडून हलवून ठेवा. सिगारेट आणि तंबाखू तेवढे दिवस लांब ठेवा, निकोटीननं बोटातल्या शिरा आवळतात.

आणि तरीही बोट पांढरं, मेणासारखं आणि बधिर झालं तर लगेच आत जा. चोळू नका, बर्फ तर अजिबात चोळू नका, बुखारीवर धरू नका कारण बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. सुरुवातीचं असेल तर काखेत धरून ऊब द्या. रंग परत येत नसेल तर डॉक्टरकडं जा, आणि परत गारठणार नाही अशी खात्री असेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बोटं ठेवा.

घरी आल्यावर ग्लोव्हज बॅगेत तसेच टाकून देऊ नका. ओल्या फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा, परत एक हात वॅक्सचा द्या आणि सुती पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले तर आपल्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी येतेच, जून ते सप्टेंबर महिन्यातनं एकदा काढून वारा द्या, घरातल्या चपला काढाल तेव्हाच.