अमूर्त चित्रातला रंग आणि रिकामी जागा कशी पाहावी

मार्क रॉथकोच्या चित्रासमोर उभं राहिलं की ‘यात आहे काय?’ असा प्रश्न पडतोच. दोन-तीन रंगांचे आयत, भोवती आणखी एक रंग, बस्स. १९५०च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये बहरलेल्या अमूर्त अभिव्यक्तिवादी (ओळखीची वस्तू न दाखवता रंग-रेषांतूनच भावना मांडणाऱ्या) चित्रांना मी वेगळा प्रश्न विचारते: इथे रंग कुठे संपतो आणि रिकामी जागा कुठे सुरू होते?

१. आधी जवळ जा. आपण मोठं चित्र पाहायला सवयीने मागे सरकतो. बार्नेट न्यूमनने १९५१च्या प्रदर्शनात चक्क सूचना लावली होती, की ही मोठी चित्रं जवळून पाहण्यासाठी आहेत. त्याचं ‘वीर हिरोइकस सब्लिमिस’ जवळजवळ साडेपाच मीटर रुंद आहे. जवळ उभं राहिलं की नजरेला लाल रंगाखेरीज काही उरत नाही आणि त्यातल्या बारीक उभ्या रेघांनाही केवढं तरी वजन येतं.

२. मग कडा बघा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. रॉथको पातळ रंगाचे थरावर थर चढवायचा. त्याच्या आयताची एकच कड निवडून तिच्यावरून डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवा. कुठे ती विरते, कुठे खालचा थर डोकावतो, कुठे कुंचल्याचा फटकारा राहून गेलेला असतो. आयत कॅनव्हासच्या टोकाला भिडत नाही, म्हणून तो तरंगतो. दोन-चार मिनिटं थांबलात तर तो पुढे येतो, मागे जातो. रंग खाली दबलेला असेल तर दिसायलाच वेळ लागतो. घाई करू नका, खरंच.

३. रिकामी जागा कशी तयार झाली ते शोधा. फ्रांझ क्लाइनची चित्रं पांढऱ्यावर काळे फटकारे मारल्यासारखी वाटतात, पण तो पांढराही रंगवायचा. पांढरा काळ्यावर कुठे चढलाय ते पाहा. हेलन फ्रँकेंथेलरने मात्र ‘माउंटन्स अँड सी’मध्ये (१९५२) टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग, अस्तर (रंगाआधी कॅनव्हासवर देतात तो लेप) न दिलेल्या कॅनव्हासवर ओतला. सुती कापडात हळद मुरावी तसा तो धाग्यांत मुरला आणि मधे कोरं कापड तसंच राहिलं.

४. नावाची पाटी शेवटी वाचा. बऱ्याचदा नुसता क्रमांक असतो.

५. एवढी सवय झाली की वासुदेव गायतोंडे पाहा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले हे चित्रकार १९६४मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले होते. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंग चढवत, काढत. त्यांच्या चित्रात मोकळी दिसणारी जागा निवडा आणि तिथे रंग लावलाच नव्हता, की लावून काढून घेतला, याचा माग घ्या. फोनवरच्या छायाचित्रात हे कळत नाही. त्यासाठी मूळ चित्रच गाठावं लागतं.