सोलापूरहून हिवाळ्यातल्या प्रागला जाताना

सोलापूरकराला उन्हाळ्याचे वेळापत्रक कोणी शिकवावे लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांपुढे सरकला की बाजारहाट सकाळीच उरकायचा, दुपारी बारा ते चार घराबाहेर पाऊल टाकायचे नाही आणि नवी पेठेत जायचे ते दिवे लागल्यावर, हे अंगवळणी पडलेले असते. डिसेंबर-जानेवारीत चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग पाहायला जाणाऱ्याने हेच वेळापत्रक उलटे करावे. तेथे भर दुपारी उघड्यावर हिंडायचे आणि सकाळ-संध्याकाळ छपराखाली काढायची. डिसेंबरअखेरीस प्रागमध्ये सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेड जेमतेम आठ तास. सोलापुरात याच दिवसांत तो अकरा तास असतो. दिवसा तापमान शून्याच्या आसपास घुटमळते, रात्री त्याखाली जाते, आणि व्लतावा नदीवरून वारा सुटला की आकड्यापेक्षा थंडी बरीच अधिक बोचते.

कपड्यांचा विचार करताना आपल्या गावची मुख्य सवय बाजूला ठेवावी लागते. सोलापुरी चादर मुंबईपर्यंतच्या रात्रीच्या रेल्वेप्रवासात अवश्य सोबत घ्यावी. परंतु अंगालगत सुती कापड घालून प्रागमध्ये चालू नये, कारण सूत घाम शोषून घेते, तो लवकर सुकत नाही, आणि ओले कापड अंगातली ऊब खेचून घेते. अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल, त्यावर फ्लीसचा (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा) किंवा लोकरीचा स्वेटर, आणि सर्वांवर वारा व पाणी अडवणारे, मांड्यांपर्यंत येणारे जाकीट असे तीन थर असावेत. एकच जाडजूड स्वेटर घेण्याचा मोह टाळावा. तेथील दुकाने, ट्राम आणि संग्रहालये आतून चांगलीच तापवलेली असतात. आत शिरल्यावर थर उतरवता आले नाहीत तर घाम फुटतो आणि तोच घाम बाहेर आल्यावर गारठवतो. अनेक संग्रहालयांत कोट ठेवण्याची स्वतंत्र सोय असते, तिचा उपयोग करावा. जुन्या दगडी चर्चमध्ये मात्र बाहेरइतकाच गारवा असू शकतो, म्हणून तेथे टोपीखेरीज काही काढण्याची घाई करू नये.

खर्चात काटकसर करायचीच असेल तर जाकिटात करावी, बुटांत करू नये. जुन्या प्रागचे रस्ते घोटीव दगडी चिऱ्यांचे आहेत आणि त्यांवर दव गोठले की ते तेलकट फरशीसारखे निसरडे होतात. खोल खाचांचा रबरी तळ असलेले, पाणी आत न शिरणारे बूट लोकरी मोजे घालूनच मापून घ्यावेत. बूट घट्ट बसले तर रक्तप्रवाह आवळला जाऊन बोटे अधिकच गारठतात. चालताना पावले आखूड टाकावीत आणि हात खिशात न घालता हातमोज्यांत ठेवावेत, म्हणजे तोल गेल्यास सावरता येते. थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेजवळ असावा. ओठांना आणि गालांना व्हॅसलीन लावावे. खोबरेल तेलाची बाटली तेथे दगड होऊन बसते.

आता प्रत्यक्ष फिरणे. प्रागचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस तुम्हाला पहाटे चारलाच जाग येईल. वर सांगितलेल्या नियमाला येथे एक अपवाद करावा. त्यांपैकी एका सकाळी, उजाडण्याच्या बेतात, चार्ल्स पुलावर जावे. सम्राट चौथ्या चार्ल्सच्या काळात, १३५७ मध्ये, पायाभरणी झालेला हा पाचशे मीटरहून थोडा अधिक लांबीचा दगडी पूल आणि त्याच्या कठड्यांवरचे तीस पुतळे व पुतळ्यांचे समूह त्या वेळी जवळजवळ तुमच्या एकट्याच्या वाट्याला येतात. अर्ध्या तासात परतून गरम नाश्ता करावा.

प्रागच्या किल्ल्यासाठी दुसऱ्या दिवसाची दुपार राखावी. चढ पायी चढण्यापेक्षा २२ क्रमांकाची ट्राम घ्यावी आणि उतरताना चालावे. तिकीट मात्र चढताच यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावे, अन्यथा तिकीट हातात असूनही दंड होतो. आतल्या संत व्हिटस कॅथीड्रलचे काम १३४४ मध्ये सुरू झाले आणि १९२९ मध्ये पूर्ण झाले, हे मनात ठेवून त्याचा पूर्वेकडील जुना भाग आणि पश्चिमेकडील नवा भाग ताडून पाहावा. किल्ल्याच्या बागा हिवाळ्यात बंद असतात, त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवू नये.

जुन्या नगरभवनावरचे खगोलीय घड्याळ १४१० चे आहे. दर तासाला वरच्या खिडक्यांत येशूच्या बारा शिष्यांच्या, म्हणजे प्रेषितांच्या, मूर्ती फिरतात आणि त्या पाहायला गर्दी जमते. माझ्या मते हा खेळ एकदा पाहिला की पुरे. अधिक वेळ तबकडीला द्यावा. तिच्या बाहेरच्या कड्यावरचे सोनेरी आकडे सूर्यास्तापासून तास मोजतात. सूर्योदयापासून घटिका मोजणारे आपले पंचांग ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चटकन उमगेल.

थंडीने जीव नकोसा केलेल्या दिवशी ज्यू वस्तीकडे वळावे, कारण तेथील बरेचसे पाहणे छपराखाली होते. सुमारे १२७० चे ‘जुने-नवे’ नावाचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आजही प्रार्थनेसाठी वापरात आहे. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या जवळजवळ ८०,००० ज्यूंची नावे लिहिलेली आहेत; तेथे फोटोंची घाई न करता शांतपणे वाचत फिरावे. शनिवारी ही स्थळे बंद असतात.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगायचे तर शेंगेन व्हिसाचा (चेक प्रजासत्ताकासह युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. देश युरोपीय संघात असला तरी चलन चेक कोरुना आहे.

बॅगेत कडक भाकरी आणि शेंगा चटणी घ्यावी, ती टिकते आणि हलकीही असते. पेढे, खवा, तूप मात्र घेऊ नये, कारण बाहेरच्या देशांतून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस युरोपीय संघात नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. शाकाहारी माणसाने सूप मागवण्यापूर्वी ते मांसाच्या रश्शात केले आहे का, हे विचारावे. किसलेल्या बटाट्याचे, थालीपिठासारखे ब्रम्बोराक आणि तळलेले चीज बऱ्याच ठिकाणी मिळते. ब्रम्बोराकमध्ये लसूण घालतात, आणि शेंगा चटणीशी त्याचे चांगले जमते.