परीक्षेच्या भीतीवर टॅपिंग : शाळेत होणाऱ्या या चुका टाळा

पूर्वपरीक्षेच्या आदल्या दिवशी मी दहावीच्या अख्ख्या वर्गाला पहिल्यांदाच टॅपिंग, म्हणजे भीती कमी करण्यासाठी अंगावरच्या ठरावीक जागांवर बोटांनी हलके ठोके देणे, करायला लावले आणि ते साफ फसले. मागच्या बाकांवर खसखस पिकली, पुढच्या बाकांवरच्या मुलींनी बाईंना बरे वाटावे म्हणून निमूटपणे बोटे चालवली आणि एरवी शांत असणारा एक मुलगा तास संपल्यावर जवळ येऊन म्हणाला, "बाई, मला एवढी भीती वाटत नव्हती, तुम्ही आठवण करून दिलीत." त्याचे म्हणणे बरोबर होते. त्यानंतर मी स्वतः केलेल्या आणि इतर शिक्षकांना करताना पाहिलेल्या चुकांकडे नीट पाहिले, तेव्हा लक्षात आले की आमच्याकडे टॅपिंग फसते ते बहुधा घाईमुळे, मोघम शब्दांमुळे आणि मुलाच्या गरजेपेक्षा मोठ्यांच्या सोयीला महत्त्व दिल्यामुळे.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलहान यांनी १९८०च्या दशकात मांडलेली गुंतागुंतीची पद्धत गॅरी क्रेग या अभियंत्याने १९९०च्या दशकात सोपी केली आणि तीच आज 'ईएफटी' किंवा नुसते 'टॅपिंग' म्हणून ओळखली जाते. आधी त्रास ० ते १० या मापात मोजायचा (० म्हणजे त्रास नाही, १० म्हणजे सर्वांत जास्त). मग तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर दुसऱ्या हाताच्या बोटांनी हलके ठोके देत त्रासाचे नाव घेणारे आणि तरीही स्वतःला धीर देणारे एक वाक्य तीनदा म्हणायचे. त्यानंतर डोक्याचा मध्य, भुवईची नाकाकडची सुरुवात, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखालचे हाड, नाकाखालची जागा, ओठाखालची खळी, गळ्याच्या खळगीशेजारच्या आडव्या हाडाखालची जागा आणि काखेखाली चार बोटांवरची जागा अशा क्रमाने प्रत्येक ठिकाणी पाच ते सात ठोके द्यायचे आणि शेवटी पुन्हा आकडा विचारायचा. एका फेरीला दोन मिनिटेही लागत नाहीत आणि नेमका हाच सोपेपणा बहुतेक चुकांचे मूळ आहे.

पाठ्यपुस्तकी वाक्य

मूळ इंग्रजी वाक्याचे मराठीत सर्रास जे भाषांतर केले जाते ते असे असते : "मला ही चिंता वाटत असली तरी मी स्वतःला मनापासून आणि पूर्णपणे स्वीकारते." चौदा वर्षांची कोणतीही मुलगी घरी, मैदानावर किंवा रिक्षात असे बोलत नाही. हे वाक्य तोंडी दिले की मुले एक तर हसतात किंवा प्रतिज्ञा म्हणावी तसे सुरात म्हणतात आणि दोन्ही वेळा मन दुसरीकडेच असते. भीतीचे मराठी शब्द मुलांकडे भरपूर असतात आणि ते बहुतेक शरीराचेच असतात : पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, छातीत धडधडते, घशाला कोरड पडते, डोके बधिर होते. वाक्य त्याच शब्दांत हवे, आणि 'स्वीकारते' या जड शब्दाच्या जागी मुलाला स्वतःबद्दल खरोखर म्हणवेल असे काहीतरी हवे, मग ते "पण ठीक आहे, मी इथे बसले आहे" इतके साधे असले तरी चालते.

नववीतल्या एका मुलीला इंग्रजीच्या तासाला उतारा मोठ्याने वाचायची धास्ती होती. काय होते, असे विचारल्यावर ती म्हणाली, "टेन्शन येतं." टेन्शन हा शब्द आपण इतक्या गोष्टींसाठी वापरतो की त्यावर ठोके देऊन हाती काहीच लागत नाही, म्हणून मी विचारले, "कधी येतं? आत्ता येतंय का?" तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "माझा सतरा नंबर आहे बाई. चौदा नंबर उठला की घसा सुकतो." मग आमचे वाक्य असे झाले : "चौदा नंबर उठला की माझा घसा सुकतो, पण ठीक आहे, मी अजून बसलेलीच आहे." ती स्वतःच हसली. दोन फेऱ्यांनंतर आठाचा आकडा पाचावर आला आणि तिथेच अडला. तिसरी फेरी केली, तरी पाचच.

इथे पुष्कळ जण फेऱ्या वाढवत जातात, आणि तीही चूकच आहे. आकडा अडला याचा अर्थ बहुधा असा असतो की आपण ज्यावर ठोके देत आहोत तो भाग निवळला असून खालून दुसरा भाग वर आला आहे. त्यामुळे ठोके थांबवून "आता काय दिसतंय?" इतकेच विचारावे. ती खाली पाहत म्हणाली, "मी वाचलं की मागची मुलं माझ्यासारखं वाचून दाखवतात." हा पाचाचा आकडा टॅपिंगने उतरवायचा नव्हताच, तो मागच्या बाकांचा प्रश्न होता आणि तो सोडवणे हे तिचे नव्हे, माझे काम होते.

भीती खरी असते तेव्हा

मुलाची चिंता ही पुष्कळदा बातमी असते. ज्याचा भूमितीचा अभ्यास झालेलाच नाही, जो सकाळी उपाशी आला आहे, ज्याला फळ्यावरचे नीट दिसत नाही पण चष्म्याची गोष्ट घरी काढायची नाही, जिला शाळेच्या वाटेवर कोणी त्रास देते, त्या मुलांना ठोके द्यायला लावून शांत करणे म्हणजे वाजणाऱ्या घंटेवर उशी ठेवण्यासारखे आहे. टॅपिंगच्या आधी दोन प्रश्न विचारण्याची सवय मी लावून घेतली आहे : "काल रात्री किती वाजता झोपलास?" आणि "आज काय खाल्लंस?" दहावीच्या वर्गात जानेवारीनंतर निम्म्या तक्रारींची उत्तरे इथेच सापडतात.

याच चुकीचे दुसरे टोक म्हणजे टॅपिंगचा शिस्तीसाठी वापर. "फार गडबड करतोयस, जा कोपऱ्यात आणि टॅपिंग कर," असे एकदा म्हटले की ती पद्धत त्या वर्गापुरती संपली, कारण अंगठे धरून उभे राहण्याच्या शिक्षेत आणि तिच्यात मुलांना मग काहीच फरक दिसत नाही. ज्याला करायचे नाही त्याला स्वस्थ बसण्याची, खिडकीबाहेर पाहण्याची किंवा नुसता सावकाश श्वास घेण्याची मुभा हवी, आणि ती खरी मुभा हवी. त्याच्याकडे रोखून पाहत दिलेली नव्हे.

दहापैकी दहा

आकडा विचारताना आपल्याकडे एक गंमत होते, जी कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेली नसते. आपल्या मुलांच्या लेखी दहापैकी दहा म्हणजे शाबासकी आणि शून्य म्हणजे नापास. त्यामुळे पाचवी-सहावीतली मुले भीती 'शून्य' सांगायला कचरतात आणि काही हुशार मुले अभिमानाने 'दहा' सांगतात. एकाने तर "साडेनऊ" असे सांगून शेजाऱ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले होते! लहान मुलांना आकड्याऐवजी भीती किती ते हात तेवढा वर करून दाखवायला सांगावे किंवा जिन्याची कितवी पायरी ते विचारावे. मोठ्या मुलांनी आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहावा आणि तो कोणालाही, शिक्षकांनाही, दाखवण्याची सक्ती नसावी. सगळ्यांसमोर "आता किती झालं?" असे विचारले की प्रत्येक आकडा आपोआप उतरतो, कारण बाईंना काय हवे आहे हे मुलांना चांगले कळते.

हात, नखे आणि जागा

तांत्रिक चुका किरकोळ असतात, पण त्यांनीही काम बिघडते. मुले पेन्सिलीने ठोके देतात, डोळ्याखाली जोरात मारतात, चष्मा काढत नाहीत. दारावर हलकी टकटक करावी इतकाच जोर आणि तोही नखांनी नव्हे, बोटांच्या पेरांनी द्यावा. काखेखालची जागा मुलामुलींच्या एकत्र वर्गात मी सरळ वगळते. तिच्यामुळे होणारा संकोच तिच्या उपयोगापेक्षा मोठा असतो. शिक्षकाने मुलाच्या अंगावर स्वतः ठोके देऊ नयेत, मूल कितीही लहान असले आणि हेतू कितीही चांगला असला तरी. समोर उभे राहून स्वतःवर करून दाखवावे, मुलांनी स्वतःवर करावे.

नेमक्या जागेचा आग्रह मात्र कोणी धरू नये, आणि याला कारण आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या वेट आणि होल्डर यांच्या अभ्यासात ११९ विद्यापीठीय विद्यार्थ्यांपैकी काहींनी ठरलेल्या जागांवर, काहींनी हातावरच्या भलत्याच जागांवर आणि काहींनी चक्क बाहुलीवर ठोके दिले होते. या तिन्ही गटांची भीती कमी झाली, ठोके न देणाऱ्यांची झाली नाही. दुसरीकडे तुर्कस्तानात परीक्षेची भीती असलेल्या हायस्कूलच्या मुलांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टॅपिंगने आणि स्नायू क्रमाने सैल सोडण्याच्या जुन्या पद्धतीने अशी दोन्हींनी भीती उतरली, टॅपिंगने काहीशी अधिक. माझ्या मते यातून निघणारा अर्थ असा की एखाद्या भीतीचे नाव घेत असताना शरीराला एक संथ, ठरावीक काम देणे उपयोगी पडते. 'ऊर्जेच्या वाहिन्या मोकळ्या होतात' असे पालकसभेत ठासून सांगणे मात्र टाळावे. एका आजोबांनी मला विचारले होते की हे संध्येतल्या न्यासासारखेच (मंत्र म्हणत अवयवांना स्पर्श करण्यासारखेच) आहे का, आणि लगेच दुसऱ्या पालकांनी विचारले की मग हे धार्मिक आहे का. दोघांनाही मी एकच सांगितले : ही मन शांत करण्याची एक सवय आहे, हिच्यामागे श्रद्धा असण्याची अट नाही, आणि आपल्या पाल्याला नको असेल तर तो ती करणार नाही.

जिथे थांबायलाच हवे

सर्वांत गंभीर चूक म्हणजे वर्गात खोलात शिरणे. "तुम्हाला सर्वांत वाईट वाटलेला प्रसंग आठवा," असे चाळीस मुलांसमोर कोणीही म्हणू नये. वर्गातले विषय वर्गापुरतेच ठेवावेत : पेपर, तोंडी परीक्षा, स्नेहसंमेलनातले भाषण, फळ्यापाशी जाऊन गणित सोडवणे. तरीही एखादे मूल रडू लागले किंवा त्याचा श्वास जोरात चालू लागला, तर भीतीचे वाक्य ताबडतोब सोडून द्यावे. पाय जमिनीवर टेकवायला सांगावे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे घ्यायला लावावीत, पाणी द्यावे आणि त्याच्याजवळ बसावे. 'निचरा होऊ दे' म्हणून फेरी पूर्ण करून घेण्याचा हट्ट धरू नये.

कधी कधी हलक्या वाटणाऱ्या भीतीखाली घरातली मारहाण किंवा लैंगिक त्रास असल्याचे मूल बोलून जाते. तेव्हा उलटतपासणी न करता शांतपणे ऐकावे, त्याचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावेत आणि 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये, कारण २०१२च्या पोक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन अशा वेळी उपयोगी पडते. झोप उडणे, जेवण तुटणे, आठवडेच्या आठवडे शाळेला यायला नकार देणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर टॅपिंग बाजूला ठेवून पालकांशी, समुपदेशकांशी आणि डॉक्टरांशी बोलावे. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सांगितले आहे. ज्या शाळेत तो नाही, तिथे टॅपिंग शिकलेल्या शिक्षकाला समुपदेशक समजण्याचा मोह मुख्याध्यापकांना होतो. तो शिक्षकानेच नम्रपणे नाकारावा.

ऐन परीक्षेत

पहिली फेरी परीक्षेच्या दालनात कधीही नको. किमान पंधरा-वीस दिवस आधी, मूल बऱ्यापैकी स्वस्थ असताना आणि लहानशा त्रासावर सराव झालेला असेल, तरच ऐन वेळी हात आपोआप चालतो. बोर्डाने २०२३पासून प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी देणे बंद करून तो वेळ शेवटी जोडला आहे. त्यामुळे अकराच्या ठोक्याला पेपर हातात पडतो आणि त्याआधीची बाकावरची रिकामी मिनिटे मुलांना खायला उठतात. पण त्या वेळी कपाळावर, नाकाखाली आणि हनुवटीवर टकटक करणारा मुलगा पर्यवेक्षकांना खाणाखुणा करणारा वाटू शकतो, आणि कॉपीच्या संशयाने उठवला गेलेला मुलगा कोणत्याही फेरीने शांत होणार नाही. म्हणून परीक्षेसाठी मी वेगळी, न दिसणारी रीत शिकवते : हात बाकाखाली मांडीवर ठेवायचे, अंगठ्याने त्याच हाताच्या एकेका बोटाची नखाशेजारची कड सावकाश दाबायची आणि प्रत्येक बोटाला एक लांब श्वास सोडायचा, वाक्य मनातल्या मनातही म्हणायचे नाही. बोटांच्या कडा मूळ पद्धतीतही होत्याच. दोन्ही हातांची बोटे मोजून होईपर्यंत उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहिण्याइतका हात स्थिर होतो, आणि नाही झाला तर पेपर वाचून त्यातल्या सर्वांत सोप्या प्रश्नाचे उत्तर आधी लिहायला घ्यावे, असे मुलांना आधीच सांगून ठेवावे.